बातमीचा अभ्यास कोणी करायचा?

न्यायालये कशी चालतात, बँका का बुडतात, शेतमालाचे भाव कुठे ठरतात, मतदार कशाच्या आधारे मत देतो, या प्रश्नांवर विद्यापीठांत वर्षानुवर्षे संशोधन चालू असते आणि ते चालू असावे याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसते. मात्र या सगळ्या गोष्टींची माहिती ज्या वाटेने आपल्या घरात येते, त्या पत्रकारितेचा तितक्याच सातत्याने आणि तितक्याच गांभीर्याने अभ्यास करणाऱ्या जागा फार थोड्या आहेत. पत्रकारिता शिकवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. बातमी कशी लिहावी, मथळा कसा द्यावा, कॅमेऱ्यापुढे कसे उभे राहावे हे तिथे शिकवले जाते. परंतु समाजाला पत्रकारिता नेमकी कशासाठी हवी, ती आज ते काम करते आहे का, आणि करत नसेल तर त्याची कारणे कोणती, हा विचार करण्याची जबाबदारी कोणावर आहे, हे सहसा ठरलेले नसते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ‘पॉलिस’ नावाचे एक छोटे अभ्यासकेंद्र आहे. पत्रकारिता आणि समाज यांच्या संबंधाचा अभ्यास करणारी विद्यापीठीय थिंक-टँक, अशी त्याची ओळख आहे. त्याच्या कामाविषयी मराठीत विस्ताराने लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

पॉलिसची स्थापना 2006 सालची. ही वेळ आणि ही जागा दोन्ही विचारात घेण्याजोग्या आहेत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ज्या हॉटन स्ट्रीटवर आहे, तिथून फ्लीट स्ट्रीट चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. ब्रिटनच्या वृत्तपत्रसृष्टीला अनेक पिढ्या ‘फ्लीट स्ट्रीट’ याच नावाने ओळखले जाई. 1986 साली रूपर्ट मर्डॉक यांनी आपली वृत्तपत्रे वॉपिंगला हलवली, संपावर गेलेल्या पाच हजारांहून अधिक कामगारांना काढून टाकले आणि तिथून पुढे एकेक वृत्तपत्र तो रस्ता सोडून गेले. रॉयटर्स ही शेवटची मोठी वृत्तसंस्था 2005 साली तिथून बाहेर पडली. दुसऱ्याच वर्षी, शेजारच्या विद्यापीठात, पत्रकारितेचा विचार करणारे केंद्र उभे राहिले. हा निव्वळ योगायोग असेल. परंतु जो व्यवसाय एका रस्त्यावर एकवटलेला असताना स्वतःला ओळखून होता, तो विखुरल्यावर त्याच्याकडे एकत्रितपणे पाहण्यासाठी दुसरी कुठली तरी जागा लागणार होती, हे मात्र खरे. यूट्यूब, फेसबुक आणि ट्विटर यांनी नुकतेच पाय रोवायला सुरुवात केली होती आणि वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिराती इंटरनेटकडे सरकू लागल्या होत्या, तेही हेच दिवस.

केंद्राच्या स्थापनेमागे दोन माणसे होती. रॉजर सिल्व्हरस्टोन हे तेथील माध्यम आणि संज्ञापन विभागाचे संस्थापक प्राध्यापक. चार्ली बेकेट हे बीबीसीत आणि नंतर ‘चॅनल फोर न्यूज’मध्ये काम केलेले, बातमीच्या रोजच्या धबडग्यातून आलेले पत्रकार. सिल्व्हरस्टोन यांचे 2006 च्या जुलै महिन्यात निधन झाले, त्यामुळे केंद्राची पुढची बांधणी बेकेट यांनी केली. मात्र सिल्व्हरस्टोन यांनी मांडलेली एक कल्पना मला या केंद्राच्या सगळ्या कामात झिरपलेली दिसते. ते ‘योग्य अंतरा’विषयी बोलत. दूरच्या माणसाचे दुःख दाखवताना माध्यमे त्याला कधी इतके परके करून टाकतात की तो आपला कोणी लागतच नाही, तर कधी इतके जवळ ओढतात की त्याचे वेगळेपण, त्याची परिस्थिती आणि त्याचा स्वतःचा आवाज हरवून जातो. या दोहोंच्या मधले, त्या माणसाला समजून घेता येईल आणि त्याचे माणूसपणही शाबूत राहील असे अंतर शोधणे हे नैतिक काम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी मुंबई-पुण्याच्या आवृत्तीत कशी छापली जाते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या विचाराची निकड वेगळी सांगावी लागणार नाही.

मी काही वर्षे एका मराठी दैनिकाच्या वृत्तसंपादन विभागात काम केले. ज्या प्रश्नांवर तिथे कधीच बोलणे होत नसे, त्यांची आठवण मला पॉलिसचे अहवाल वाचताना होते. रात्री पान सोडायची वेळ जवळ आली की कोणती बातमी पहिल्या पानावर जाईल याचा निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो, आणि तो घेणारी माणसे बहुधा अनुभवी आणि प्रामाणिक असतात. तरीही त्या निर्णयांची गोळाबेरीज वर्षाअखेरीस काय झाली, कोणत्या तालुक्यांची नावे वर्षभरात एकदाही आली नाहीत, कोणत्या समाजघटकांची माणसे केवळ गुन्ह्याच्या बातमीत दिसली, हे कोणी मोजत नाही. मोजायला वेळ नसतो हे एक कारण. दुसरे असे की मोजणारा माणूस त्याच घरातला असेल तर त्याला मोजलेले सांगताही येत नाही. पत्रकारांनी पत्रकारितेवर लिहिलेले लेखन आपल्याकडे बहुतेक वेळा आठवणींच्या स्वरूपाचे असते आणि प्राध्यापकांनी लिहिलेले बहुतेक वेळा सिद्धांतांच्या स्वरूपाचे. या दोघांना एका टेबलाशी बसवून, घडून गेलेल्या विशिष्ट घटनेविषयी विशिष्ट प्रश्न विचारणे, ही पॉलिसची पद्धत आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स पत्रकारितेचे व्यावसायिक प्रशिक्षण देत नाही. म्हणूनच सुरुवातीला हे केंद्र, जिथे पत्रकारिता शिकवली जाते त्या लंडन कॉलेज ऑफ कम्युनिकेशनच्या सहकार्याने उभे करण्यात आले. संपादक, वार्ताहर, संशोधक, विद्यार्थी आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते एकत्र येतील अशी व्याख्याने आणि परिषदा, आणि त्यांच्या बरोबरीने छोटेखानी अहवाल, असे त्याच्या कामाचे स्वरूप राहिले आहे.

या अहवालांपैकी एकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण अशा केंद्राचा उपयोग काय हे त्यावरून नीट कळते. 13 सप्टेंबर 2007 रोजी बीबीसीचे अर्थविषयक संपादक रॉबर्ट पेस्टन यांनी ‘नॉर्दर्न रॉक’ या बँकेने बँक ऑफ इंग्लंडकडे तातडीची मदत मागितल्याची बातमी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. एकोणिसाव्या शतकातल्या ‘ओव्हरेंड गर्नी’ या बँकेच्या पतनानंतर ठेवी काढून घेण्यासाठीची अशी धाव ब्रिटनने पाहिली नव्हती. बातमी खरी होती, सार्वजनिक हिताची होती, आणि तरीही ती प्रसिद्ध होण्याच्या कृतीनेच परिस्थिती बदलून टाकली. पेस्टन यांनी घबराट पसरवली असे काही लोक म्हणू लागले, तर बँका वर्षानुवर्षे धोकादायक व्यवहार करीत असताना अर्थपत्रकार गप्प का होते, असे इतर काही विचारू लागले. एकाच व्यवसायावर जास्त बोलल्याचा आणि कमी बोलल्याचा, असे दोन्ही आरोप एकाच वेळी होत होते.

या पार्श्वभूमीवर 2008 च्या नोव्हेंबर महिन्यात पॉलिसने डेमियन टॅम्बिनी यांचा अर्थपत्रकारितेवरचा अहवाल प्रसिद्ध केला. अर्थपत्रकारिता नेमकी कशासाठी असते, हा त्याचा मूळ प्रश्न होता. आपण गुंतवणूकदारांना माहिती पुरवणारे आहोत, की सामान्य नागरिकांच्या वतीने कंपन्यांवर आणि बँकांवर पहारा करणारे आहोत, याविषयी खुद्द अर्थपत्रकारांमध्येच एकवाक्यता नाही, हे त्यातून पुढे आले. बातमी देण्याची वाढलेली गती, आर्थिक साधनांची गुंतागुंत आणि कंपन्यांच्या जनसंपर्क यंत्रणेचे वाढलेले बळ यांच्या कात्रीत हे पत्रकार सापडलेले होते. मला या मांडणीतली सर्वांत मोलाची गोष्ट अशी वाटते की तिने कोणा एका पत्रकाराला दोषी किंवा निर्दोष ठरवण्याचा खटाटोप केला नाही. संकट आले तेव्हा चुकले कोण, यापेक्षा हे काम आपले आहे असे कोणाला वाटत होते का, हा प्रश्न तिने विचारला, आणि अशा प्रश्नाचे उत्तर एखाद्या संपादकाच्या राजीनाम्याने मिळत नाही.

आपल्याकडे असा प्रश्न विचारण्याचे प्रसंग कमी आलेले नाहीत. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने 2013 साली निर्बंध घातले आणि 2022 साली तिचा परवाना रद्द केला. मधल्या काळात हजारो ठेवीदारांनी, त्यांतही निवृत्तांनी, आपल्याच पैशांसाठी वाट पाहिली. 2019 च्या सप्टेंबर महिन्यात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला आरंभी फक्त 1,000 रुपये काढण्याची मुभा होती. निर्बंध आल्यानंतरच्या रांगा, आंदोलने, ठेवीदारांचे हाल हे सगळे मराठी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी तळमळीने दाखवले, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु निर्बंध येण्यापूर्वीच्या वर्षांत सहकारी बँकांचे लेखापरीक्षण, संचालक मंडळांच्या निवडणुका, नातेवाइकांना दिलेली कर्जे यांविषयी किती आणि काय छापून आले, आणि सहकारी संस्थांच्या अहवालांच्या, सभेच्या नोटिशींच्या जाहिराती ज्या वृत्तपत्रांना मिळतात त्यांच्या वार्तांकनावर त्याचा काही परिणाम होतो का, याचा शांतपणे, जुने अंक चाळून केलेला अभ्यास व्हायला हवा. सहकार ही महाराष्ट्राच्या अर्थकारणाची आणि राजकारणाची मोठी नाडी आहे. तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम आपले आहे असे मराठी पत्रकाराला वाटते का, हा प्रश्न आपल्या विद्यापीठांनी कधीच हाती घ्यायला हवा होता.

पॉलिसच्या आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या कामातला दुसरा महत्त्वाचा टप्पा म्हणजे सत्य, विश्वास आणि तंत्रज्ञान या विषयावरचा आयोग. बेकेट हे त्या आयोगाच्या प्रमुखांपैकी एक होते. आयोगाने 2018 च्या नोव्हेंबरमध्ये आपला अहवाल दिला आणि माहितीच्या क्षेत्रातल्या पाच मोठ्या दोषांची नोंद केली: गोंधळ, कशावरच विश्वास न ठेवण्याची वृत्ती, समाजाचे तुकड्यांत विभागणे, बेजबाबदारपणा आणि उदासीनता. पाच हा आकडा सहज आलेला नाही. विल्यम बेव्हरिज यांनी 1942 सालच्या आपल्या विख्यात अहवालात दारिद्र्य, रोगराई, अज्ञान, बकालपणा आणि बेकारी या पाच राक्षसांचा उल्लेख केला होता आणि त्या अहवालावर ब्रिटनची युद्धोत्तर कल्याणकारी व्यवस्था उभी राहिली. हे बेव्हरिज 1919 ते 1937 या काळात याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. स्वच्छ पाणी आणि आरोग्यसेवा यांच्याइतकीच विश्वासार्ह माहितीही नागरिकाची मूलभूत गरज आहे, असा दावा त्या साम्यातून सूचित होतो, आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. आयोगाने कायद्याने स्थापन केलेली, सरकारपासून आणि तंत्रज्ञान कंपन्यांपासून स्वतंत्र अशी संस्था सुचवली होती. तिचा खर्च समाजमाध्यमे आणि शोधयंत्रे चालवणाऱ्या कंपन्यांच्या ब्रिटनमधील उत्पन्नावरील आकारणीतून भागवावा आणि तिने संसदेला अहवाल द्यावा, अशी ती कल्पना होती. ती जशीच्या तशी अमलात आली नाही. 2023 च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याने या कंपन्यांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी ‘ऑफकॉम’ या आधीपासून असलेल्या नियामकाकडे गेली. तरीही वादाची भाषा बदलण्यात अशा अहवालांचा वाटा असतो, आणि तो वाटा कायद्याच्या कलमांत शोधून सापडत नाही.

बेव्हरिज संचालक असतानाच्या काळात त्या संस्थेत एक मराठी संपादक शिकत होता, हे इथे सांगणे मला अगत्याचे वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 साली तिथे दाखल झाले, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली त्यांना परतावे लागले, आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. मधल्या काळात, 31 जानेवारी 1920 रोजी, त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती आणि संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पहिल्याच अंकातील अग्रलेखात आंबेडकरांनी तत्कालीन वृत्तपत्रांचे परीक्षण केले. बहिष्कृतांवर होणाऱ्या अन्यायावर उपाय सुचवण्यासाठी वर्तमानपत्रासारखी दुसरी भूमी नाही, हे मान्य करूनच त्यांनी दाखवून दिले की मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत आणि इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता, याची नोंद त्यांनी पुढे ‘बहिष्कृत भारता’त केली. 1943 साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात भारतातील पत्रकारिता आता निव्वळ व्यापार झाली आहे, अशी परखड टीका त्यांनी केली. पॉलिसचा आणि आंबेडकरांचा थेट संबंध नाही, आणि तो ओढूनताणून जोडण्याची गरजही नाही. परंतु वृत्तपत्र कोणाचे आहे, ते कोणासाठी बोलते आणि कोणाला त्यात जागा मिळत नाही, हा पत्रकारितेच्या अभ्यासातला पायाभूत प्रश्न मराठीत 1920 सालीच, तोही स्वतः पत्र चालवणाऱ्या एका अभ्यासकाने विचारला होता. ही परंपरा आपल्या हाताशी असताना आपण तिच्यावर अभ्यासाची संस्था उभी केली नाही.

अशा केंद्रांविषयी बोलताना पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. पॉलिसने 2019 साली पत्रकारिता आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर ‘जर्नलिझम एआय’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि त्याला गूगलच्या वृत्तविषयक उपक्रमाचे अर्थसाहाय्य मिळाले. गूगलमुळे वृत्तपत्रांच्या जाहिरातीचे उत्पन्न घटले, गूगलच्या शोधयंत्रावर वृत्तसंस्थांची वाचकसंख्या अवलंबून आहे, आणि गूगलचीच साधने वृत्तकक्षांना विकली जाणार आहेत. अशा परिस्थितीत त्याच कंपनीच्या पैशावर वृत्तकक्षांचा अभ्यास व्हावा का, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतही असे घडलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांच्या अध्यक्षतेखाली वृत्तपत्रस्वातंत्र्यावर एक आयोग बसला, त्याला ‘टाइम’चे मालक हेन्री लूस यांच्या कंपनीने दोन लाख डॉलर दिले, आणि 1947 साली आयोगाने वृत्तपत्रांच्या सामाजिक जबाबदारीविषयी जे लिहिले ते मालकवर्गाला मुळीच रुचले नाही. म्हणजे पैसा देणाऱ्याला हवा तोच निष्कर्ष निघतो असा नियम नाही. तरीही हचिन्स आयोगाचे उदाहरण देऊन निश्चिंत होणे मला योग्य वाटत नाही. एका आयोगाचा खर्च एकदाच होतो. केंद्राला दरवर्षी पैसा लागतो, आणि दरवर्षी लागणारा पैसा कोणते प्रश्न विचारायचे नाहीत हे न बोलता ठरवू शकतो. माझ्या मते कसोटी ही की निधी कोणाचा हे पहिल्याच पानावर लिहिलेले असावे, आणि निधी देणाऱ्यावरही टीका झालेली त्या केंद्राच्या कामात दिसावी. पॉलिस आपल्या निधीचा स्रोत उघड सांगते आणि वृत्तसंस्थांचे तंत्रज्ञान कंपन्यांवरचे अवलंबित्व हा विषय तिच्या अहवालांत येतो. तो आणखी कठोरपणे यायला हवा, असे माझे मत आहे.

या प्रकल्पाच्या पहिल्या अहवालासाठी 32 देशांतील 71 वृत्तसंस्थांकडून माहिती घेण्यात आली होती. 2023 च्या अहवालात 46 देशांतील 105 वृत्तसंस्था होत्या. त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक संस्था बातमी मिळवणे, तयार करणे किंवा वाचकापर्यंत पोहोचवणे यांपैकी निदान एका कामात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करीत होत्या आणि साठ टक्क्यांहून अधिक संस्थांना तिच्या नैतिक परिणामांची काळजी वाटत होती. आपल्या दृष्टीने त्यातला कळीचा भाग निराळा आहे. ही साधने प्रामुख्याने इंग्रजीच्या आधारे घडवली गेली आहेत, आणि इतर भाषांत, विशेषतः गरीब देशांतल्या छोट्या वृत्तकक्षांत, ती तितकी नीट चालत नाहीत, ही तक्रार तिथे ठळकपणे नोंदवलेली आहे. वऱ्हाडी किंवा मालवणी वळणाने बोलणाऱ्या माणसाची मुलाखत ध्वनिमुद्रित करून यंत्राकडून उतरवून घेण्याचा प्रयत्न ज्या वार्ताहराने केला आहे, त्याला ही तक्रार स्वतःची वाटेल. मराठी वृत्तकक्षांत ही साधने आता आलेली आहेत. वाहिन्यांच्या संकेतस्थळांवरचे भाषांतर वाचले तरी ते कळते. ती कोणत्या नियमांनुसार वापरली जातात, यंत्राने केलेला मजकूर छापण्यापूर्वी कोण तपासतो, आणि त्यामुळे किती जणांचे काम गेले, याची नोंद आत्ताच करून ठेवली पाहिजे, कारण पाच वर्षांनी ती करायची म्हटली तर आधीचे काम कसे चालत असे हे सांगणारी माणसे वृत्तकक्षात उरलेली नसतील.

भारतात पत्रकारितेचा सर्वांगीण अभ्यास सरकारने नेमलेल्या आयोगांनी केला. पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष हे मराठी होते. 1954 सालच्या त्यांच्या अहवालातून श्रमिक पत्रकारांचा कायदा, वृत्तपत्र निबंधकांचे कार्यालय आणि पुढे वृत्तपत्र परिषद या गोष्टी आल्या. दुसऱ्या आयोगाने 1982 साली अहवाल दिला. त्यानंतर खाजगी वाहिन्या आल्या, इंटरनेट आले, मोबाइल आला, आणि तिसरा आयोग आला नाही. वृत्तपत्र परिषद आहे, परंतु तिच्या मर्यादा आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात उघड झाल्या. 2009 सालच्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्या गेल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’तून उजेडात आणले, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत एकच मजकूर वेगवेगळ्या नावांनी आलेला त्यांनी दाखवून दिला. परिषदेने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्या दोघांनी वृत्तपत्रांची नावे घेऊन सविस्तर अहवाल दिला, आणि परिषदेने 2010 साली तो बाजूला ठेवून नावे वगळलेला संक्षिप्त मजकूर स्वीकारला. मूळ अहवाल 2011 साली केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर लोकांसमोर आला. ज्या परिषदेत मालकांचे प्रतिनिधी कायद्यानेच बसतात, तिच्याकडून याहून वेगळे घडण्याची अपेक्षा करणे कठीण होते. सरकारी आयोग सरकारच्या मर्जीने बसतो, परिषद मालकांना बांधलेली असते, पत्रकार संघटना आपल्या सभासदांच्या हिताला बांधलेल्या असतात आणि ते त्यांचे कर्तव्यच आहे. उरते ते विद्यापीठ.

बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ सुरू केले, म्हणून तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून साजरा होतो. तालुक्या-तालुक्यात सत्कार होतात, भाषणे होतात. बाळशास्त्री पुढे एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन करीत होते, ही गोष्ट त्या भाषणांत क्वचित येते. मराठी पत्रकारितेचा आरंभच असा शिक्षकाच्या हातून झाला आहे. आज पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटपासून राज्यातल्या जवळपास प्रत्येक विद्यापीठात पत्रकारितेचे विभाग आहेत, तिथे तळमळीने शिकवणारे अध्यापक आहेत, प्रबंधही लिहिले जातात. परंतु ते प्रबंध पदवी मिळाल्यावर कपाटात राहतात, ते संपादकांसमोर मांडले जात नाहीत, आणि संपादकांनी त्यांना उत्तर द्यावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. पॉलिससारख्या केंद्राला मोठी इमारत किंवा मोठा कर्मचारीवर्ग लागत नाही. एक पूर्णवेळ संशोधक, एखादा सुट्टी घेऊन आलेला वार्ताहर, वर्षाकाठी एखाद-दुसरा अहवाल आणि तो जाहीरपणे मांडण्याची सभा, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. अट एकच की अहवाल मराठीत असावा आणि कोणालाही विनामूल्य वाचायला मिळावा.

पहिला विषय निवडायचा झाला तर मी तालुका वार्ताहराचा निवडीन. जिल्हा आवृत्तीतला बराचसा मजकूर तो पाठवतो, बहुतेक ठिकाणी त्याला पगार नसतो, मिळते ते मानधन किरकोळ असते, आणि त्याची खरी कमाई स्थानिक नेत्यांच्या वाढदिवसाच्या, सण-उत्सवांच्या शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करून मिळणाऱ्या कमिशनवर अवलंबून असते. ज्या बाजार समितीच्या सभापतीकडून दिवाळी पुरवणीसाठी जाहिरात आणायची, त्याच बाजार समितीतल्या वजनकाट्यातील गैरव्यवहाराची बातमीही त्यानेच द्यावी, अशी आपली व्यवस्था आहे. राज्याच्या वेगवेगळ्या विभागांतले काही तालुके निवडून तिथल्या वार्ताहरांचे वर्षभराचे उत्पन्न, त्यांनी पाठवलेल्या बातम्या, छापून आलेल्या बातम्या आणि त्याच अंकांतल्या जाहिराती शेजारी शेजारी मांडाव्यात. वार्ताहरांची नावे गुप्त ठेवावीत आणि वृत्तपत्रांची नावे मात्र गुप्त ठेवू नयेत.